चौथ्या दिवसाचे धानसाक

मुंबई-पुण्यातील पारशी आणि इराणी उपाहारगृहांत रविवारी दुपारी धानसाक मागवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा पदार्थ पारशी लग्नाच्या पंगतीत वाढला जात नाही. नवजोतीला नाही, वाढदिवसाला नाही, नव्या वर्षाच्या दिवशी तर नाहीच. घरातले कोणी गेले, की चौथ्या दिवशी मात्र तो हमखास शिजतो. मटण, तीन-चार प्रकारच्या डाळी आणि टोपलीभर भाज्या एकाच पातेल्यात शिजवून केलेल्या या दाट कालवणाचा इतिहास सांगायचा, तर तो अशाच एखाद्या चौथ्या दिवसाच्या स्वयंपाकघरात उभे राहून सांगणे बरे.

दादरच्या पारशी कॉलनीतले एक जुने घर. उंच छत, लाकडी कपाट, खिडकीबाहेर पावसाळ्यात भिजलेली झाडे. या घरातली म्हातारी तीन दिवसांपूर्वी गेली. कोपऱ्यातला दिवा अजून तेवतो आहे. स्वयंपाकघरात तिची नात पहाटेपासून उभी आहे. मुलीची मुलगी, म्हणून म्हातारी तिची ‘ममाई’. आदल्या रात्री भिजत घातलेल्या डाळी फुगून पातेल्याच्या काठापर्यंत आल्या आहेत. ओट्यावर ममाईची वही उघडी आहे. वही गुजरातीत आहे आणि नातीला गुजराती अक्षरे एकेक जुळवून वाचावी लागतात. वाचून फारसे हाती लागत नाही, कारण प्रमाणाच्या जागी जवळजवळ सर्वत्र एकच शब्द लिहिला आहे: अंदाजे.

नातीचे आडनाव मराठी आहे. तिच्या आईने तीस वर्षांपूर्वी कार्यालयातल्या एका मराठी सहकाऱ्याशी लग्न केले. पारशी बोलीत ‘परजात’ लग्न केले. त्या एका शब्दाचा परिणाम गेल्या तीन दिवसांत नातीच्या वाट्याला आला, त्याकडे पुढे येऊ. आधी पातेल्याकडे.

‘धान’ आणि ‘शाक’ हे दोन्ही शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. गुजरातीत धान म्हणजे धान्य, शाक म्हणजे भाजी. पारशी उच्चारात ‘श’चा ‘स’ झाला आणि धानसाक हे नाव रूढ झाले. इराणी भाषेतला एकही अक्षरांश या नावात नाही, ही पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. पारशी घरात वाढदिवसाला किंवा नव्या वर्षाला जे ताट मांडतात त्याचे नाव ‘धान-दार ने पातियो’: पांढरा भात, साधे पिवळे वरण आणि माशाचा आंबट-तिखट पातियो. म्हणजे शुभदिनाच्या ताटातही भात आणि डाळ आहे, चौथ्या दिवसाच्या ताटातही भात आणि डाळ आहे. शुभदिनी भात पांढरा, डाळ निर्भेळ आणि सोबत मासा. धानसाकाबरोबर भात तपकिरी, साखर करपवून आणि कांदा तळून रंगवलेला, आणि डाळीत मटण व भाज्या इतक्या विरघळलेल्या की कशात काय आहे ते सांगता येऊ नये.

हा पदार्थ पारशांनी इराणहून आणला, असे सर्रास सांगितले जाते. जाहिरातींत ‘हजार वर्षांची परंपरा’ असेही वाचायला मिळते. या दाव्याची तपासणी करायला ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. रात्रभर भिजलेल्या पातेल्यात हात घातला तरी पुरे. धानसाकाची मुख्य डाळ तुरीची. तूर ही भारतीय उपखंडातच लागवडीखाली आलेली वनस्पती. मूगही इथलाच. मसूर मात्र पश्चिम आशियातून आली, पण तीही इतक्या प्राचीन काळी की हडप्पा संस्कृतीच्या लोकांनाही ती ठाऊक होती. तिला आणण्यासाठी पारशांची वाट पाहावी लागली नाही. सासानी साम्राज्याचा शेवटचा सम्राट तिसरा यज्दगर्द इ.स. ६५१ मध्ये मारला गेला. त्याच्या मुदपाकखान्यात तुरीच्या डाळीचे पातेले चढत असेल, हे संभवत नाही.

मग इराणचे काय उरले? हा प्रश्न सोपा नाही, आणि म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

पारशांच्या आगमनाची कथा ज्या ग्रंथात आहे तो ‘किस्सा-ए-संजान’ नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद यांनी फारसी पद्यात रचला, तो १६०० च्या सुमारास. म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. खोरासानचे डोंगर, हुर्मुझ, दीव आणि मग संजान, असा प्रवास त्यात येतो. जादी राणा नावाचा राजा आश्रय देताना अटी घालतो: धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, स्त्रियांनी इथला पोशाख घालावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने संध्याकाळी लावा. जेवणाबद्दल एक शब्दही नाही. दुधात साखर विरघळण्याची जी गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना पाठ आहे, तीही या ग्रंथात नाही. ती तोंडी परंपरेतून आली. गोड गोष्टी इतिहासात लवकर विरघळतात.

संजान आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे, महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट या भागाविषयी फार मोलाची माहिती देतो. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळात संजान मंडळाचा कारभार ‘मधुमती’ नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मोहम्मद या नावाचे संस्कृतीकरण. कर्नाटकातून उगवलेल्या राजवंशाचा अरब मुसलमान अधिकारी कोकणाच्या उत्तर टोकावरच्या बंदराचा कारभार पाहतो आहे, आणि त्याच परिसरात इराणहून आलेले अग्निपूजक वस्ती करत आहेत. २००२ ते २००४ या काळात संजानला झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातील झिलईची भांडी मिळाली, चिनी भांडी मिळाली आणि एका जुन्या दख्म्याचे अवशेषही मिळाले. अशा बंदरात कोणाचेही जेवण निखळ राहिले असेल, असे मानणे कठीण आहे.

इराणचा अंश शोधायचा तर तो घटकांत शोधून चालत नाही, हाताच्या वळणात शोधावा लागतो. मांस, भाजी किंवा फळ आणि आंबट रस एकत्र मंद आचेवर शिजवण्याची इराणी रीत फार जुनी आहे. सासानी दरबाराचा आवडता पदार्थ म्हणून ‘सिकबाज’चे नाव घेतले जाते. सिक म्हणजे सिरका. सिरक्यात शिजवलेले मांस, सोबत कांदा, गाजर किंवा वांगे, आणि आंबटपणा तोलायला मध किंवा खजुराचा पाक. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने लिहिलेल्या पाकग्रंथात एक गोष्ट आहे. सम्राट खुस्रोने आपल्या आचाऱ्यांना वेगवेगळ्या मुदपाकखान्यांत बसवून प्रत्येकाला त्याचा सर्वोत्तम पदार्थ करायला सांगितले. सर्वांनी सिकबाजच आणले. (हाच शब्द पुढे अरबांबरोबर स्पेनला जाऊन ‘एस्काबेचे’ झाला. शब्द बोटीने प्रवास करतात तेव्हा बरोबर भांडी घेऊन जातात.)

सिकबाजपासून धानसाकापर्यंत थेट वंशावळ काढण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळलेला बरा; मधल्या शतकांची कागदपत्रे तिला आधार देत नाहीत. परंतु आंबट आणि गोड यांचा तोल साधण्याची जी सवय पारशी जिभेला ‘खाटू-मीठू’ या नावाने आजही आहे, ती गुजरातेत आल्यावर चिंच आणि गूळ यांच्या रूपाने सहज रुजली असणार. सिरक्याच्या जागी चिंच, खजुराच्या पाकाच्या जागी गूळ, आणि खाली तुरीची डाळ. नवसारीला उसाचा सरको आजही तयार होतो आणि कित्येक पारशी स्वयंपाकघरांत त्याची बाटली असते, हेही इथे नोंदवावे.

आता भाज्या. नातीच्या ओट्यावर लाल भोपळ्याची फोड आहे, दुधी आहे, दोन वांगी, मेथीची जुडी, बटाटे, टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या. या टोपलीचे दोन भाग पाडता येतात. दुधी, वांगे आणि मेथी इथल्या स्वयंपाकघरांत फार जुन्या काळापासून आहेत. वांग्याचा प्रवास तर नुसत्या नावावरून कळतो: संस्कृतातल्या ‘वातिंगण’चे फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीत ‘बादिंजान’, पोर्तुगीजांत ‘बेरिंजेला’, आणि इंग्रज भारतात आले तेव्हा हेच वांगे ‘ब्रिंजल’ होऊन स्वतःच्या घरी परतले. लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही मंडळी मात्र अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या हाती वसई १५३४ मध्ये आली, दमण १५५९ मध्ये; संजान या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. मिरची त्यांच्याच मागोमाग किनाऱ्यावर रुजली. बटाटा आणि टोमॅटो आपल्या रोजच्या जेवणात यायला इंग्रजी अंमल उजाडावा लागला.

म्हणजे आज ज्याला धानसाक म्हणतात त्या पातेल्याचे वय, फार ताणले तरी, काही शतकांपलीकडे जात नाही. काहींना हे ऐकून वाईट वाटते. वाटण्याचे कारण नाही. एखादा पदार्थ जुना आहे म्हणून आदरणीय ठरतो, हा समज दुकानदारांच्या सोयीचा आहे.

आठ वाजता मासी आली. ममाईची धाकटी मुलगी, लग्न न केलेली, पंचाहत्तरीच्या घरातली. तिने पातेल्यात डोकावून पाहिले, डाळ चिमटीत दाबली आणि पुढची सूत्रे हाती न घेता स्टूल ओढून बसली. करायचे ते नातीनेच करायचे, एवढे तिने बसण्यातूनच सांगितले.

कृती अशी. भिजलेली डाळ, मटणाचे हाडासकट तुकडे आणि चिरलेल्या सगळ्या भाज्या हळद-मीठ घालून एकत्रच शिजवायच्या. हाडे हवीतच, त्यांच्यातला चिकटपणा उतरल्याशिवाय डाळीला अंग येत नाही. मटण मऊ झाले की तुकडे वेचून बाजूला काढायचे आणि उरलेले सर्व, डाळ आणि भाजी, रवीने घोटायचे. हल्ली यासाठी यंत्र वापरतात आणि कालवण बाळाच्या खिमटीसारखे गुळगुळीत होते. मासीला ते मान्य नाही. रवीने घोटलेल्या डाळीत कुठेतरी भोपळ्याचा एखादा धागा राहतो, वांग्याचे एखादे साल जिभेला लागते, आणि तिच्या मते तेवढे लागायलाच हवे.

मग दुसऱ्या भांड्यात कांदा तांबूस होईपर्यंत परतायचा, त्यात आले-लसूण-मिरचीचे वाटण आणि मसाला. धानसाकाचा मसाला म्हणजे धने, जिरे, दालचिनी, लवंग, वेलची, मिरी, जायपत्री, बाद्यान आणि मेथीदाणे. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराला आपलेच खरे वाटते. मसाल्याचा कच्चा वास गेला, तेल सुटले, की घोटलेली डाळ त्यावर ओतायची, मटण परत सोडायचे, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि मग अगदी मंद आच. घाईने उकळी आणली तर डाळ तळाला धरते आणि करपल्याचा वास कशानेही झाकता येत नाही.

नातीने आच थोडी वाढवली. स्टुलावरून आवाज आला, “उतावळ नहीं कर, डीकरी.” तिने आच पुन्हा उतरवली.

हे सर्व चौथ्याच दिवशी का?

जरथुश्ती श्रद्धेनुसार मृत्यूनंतर तीन रात्री आत्मा इहलोकातच असतो. या तीन रात्री तो सरोश यजताच्या रक्षणाखाली असतो, म्हणून प्रार्थना त्याला उद्देशून होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणा होतो. जमलेल्या आप्तेष्टांसमोर मृताच्या स्मरणार्थ दानधर्म जाहीर करण्याची रीत त्याच वेळची. मुंबईतल्या कित्येक पारशी संस्थांच्या इतिहासाच्या मुळाशी अशीच दानशूरता आहे. चौथ्या दिवसाच्या पहाटे आत्मा चिन्वत पुलावर पोहोचतो आणि त्याचा न्याय होतो. फारसीत ‘चहारुम’ म्हणजे चौथा. पारशी त्या दिवसाला ‘चारोम’ म्हणतात.

या तीन दिवसांत घरच्यांनी मांस खायचे नाही. मृत्यूनंतरचे तीन दिवस ताजे मांस वर्ज्य असल्याचे उल्लेख पहलवी भाषेतल्या धर्मग्रंथांतही आहेत. जीवनजी जमशेदजी मोदी या विद्वानांचा पारशी धर्मविधींवरचा मोठा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पथ्याची नोंद आहे. भाज्या चालतात, मासे चालतात, मांस नाही. या पथ्याला शब्द आहे ‘परहेजी’. तोच आपला मराठी परहेज. एरवी मांसाहाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या या समाजाला पथ्य नवे नाही. दर महिन्याचे बहमन, मोहोर, गोश आणि राम हे चार रोज आणि संपूर्ण बहमन महिना मांस न खाणारे लोक त्यांच्यात आजही आहेत.

परहेजी चौथ्या दिवशी सुटते, आणि ती सोडण्यासाठी जो पदार्थ शिजतो तो धानसाक. कारणे शोधायला फार खोल जावे लागत नाही. त्या दिवशी घरात माणसे पुष्कळ असतात, भांडी-ताटे मांडण्याचे त्राण कोणात नसते. एका पातेल्यात सर्व काही असते. थोड्या मटणात बरीच तोंडे भागतात. गेले तीन दिवस ज्या डाळ-भाजीवर काढले तीच त्यात असते, तिच्यात आता मांस परत येते. मराठी घरात सुतकाचे अळणी दिवस संपून तेराव्याला गोडाचे जेवण होते, त्याचा आणि याचा हेतू वेगळा नसावा. जिवंत माणसांनी पुन्हा जेवायला लागावे, याची कोणीतरी व्यवस्था करून ठेवलेली असते.

आणि याच कारणाने धानसाक शुभकार्याला वर्ज्य. लग्नात पत्रानी मच्छी असते, सली बोटी असते, लगननु कस्टर्ड असते. धानसाकाला तिथे जागा नाही. नवरीच्या पुढ्यात कोणी मरणाची आठवण वाढत नाही.

नातीने ममाईचा चेहरा शेवटचा पाहिला तो डुंगरवाडीला, गेह-सारणा सुरू होण्याच्या आधी. मलबार टेकडीवरच्या या स्थानी पहिला दख्मा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. गेह-सारणाचे पठण सुरू झाल्यावर बिगरपारशी व्यक्तीने मृताचे दर्शन घ्यायचे नाही, असा दंडक आहे. नात आणि तिचे वडील बाजूच्या मंडपात जाऊन बसले. आतले पठण ऐकू येत होते. ममाईने लहानपणी झोपवताना ज्या प्रार्थना म्हटल्या त्यांतल्या काही तिला पाठ होत्या, आणि तिने त्या मनातल्या मनात म्हटल्या की नाही, हे तिने कोणालाही सांगितलेले नाही.

हा दंडक कोणा एका पुजाऱ्याच्या लहरीने आलेला नाही, त्याला न्यायालयीन इतिहास आहे. रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०२ मध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशी विवाह केला. तिची नवजोत करण्यात आली आणि प्रश्न उभा राहिला की धर्म स्वीकारलेली परकी व्यक्ती पारशी ठरते का? अग्यारी आणि डुंगरवाडी यांच्या विश्वस्त निधींवर तिचा हक्क आहे का? ‘पेटिट विरुद्ध जीजीभाई’ या नावाने गाजलेला हा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला आणि १९०८ मध्ये न्यायमूर्ती दिनशा दावर व न्यायमूर्ती बीमन यांनी निकाल दिला. त्या निकालातल्या व्याख्येत तीन प्रकारचे लोक येतात: इराणहून आलेल्या मूळ निर्वासितांचे वंशज आणि जरथुश्ती आईबापांची मुले, इराणमधून पुढे आलेले जरथुश्ती इराणी, आणि पारशी बाप व परकी आई यांची रीतसर धर्मात घेतलेली मुले.

चौथा प्रकार त्या व्याख्येत नाही. पारशी आई आणि परका बाप. खटला ज्या विवाहातून उद्भवला त्याचा मुलगा पारशी ठरला. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जे.आर.डी. स्त्री-पुरुष उलट असते तर तो ठरला नसता. विधिज्ञांनी यावर पुष्कळ वाद घातले आहेत, व्याख्येचा हा भाग निकालाला बंधनकारक होता की नुसते मतप्रदर्शन होते, यावरही. समाजातल्या बऱ्याच जणांनी मात्र ती व्याख्या कुंपणासारखी धरून ठेवली. १९४१ च्या जनगणनेत भारतातले पारशी १,१४,८९० होते, २०११ मध्ये ५७,२६४. सत्तर वर्षांत निम्मे. या घसरणीला उशिरा होणारी लग्ने, न होणारी लग्ने, परदेशगमन अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष एका निकालाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही कुंपण आतल्या माणसांना राखते त्याच वेळी ते किती जणांना बाहेर ठेवते, हे मोजणे इतिहासकाराचे काम आहे.

पातेल्याला मात्र असा दंडक नाही. चारोमचे धानसाक कोणी शिजवावे याबद्दल न्यायालयाला कोणी विचारले नव्हते. मासीने फोन करून नातीला बोलावले, कारण ममाईच्या हाताखाली ते शिकलेली घरात तीच एक होती. तिच्या आईला ते कधीच जमले नाही, असे ममाई उघड म्हणत असे.

शोकाचा हा पदार्थ रविवारचा कसा झाला, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण आज बहुतेकांची त्याच्याशी ओळख तीच आहे. धानसाक, कचुंबर, कबाब आणि नंतर पडद्याआड दोन तासांची झोप. ज्या जेवणानंतर काम अशक्य होते ते जेवण सुट्टीच्या दिवशीच करता येते, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी ही मुंबईत इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आलेली चीज. पारशी मध्यमवर्ग त्या कचेऱ्यांत लवकर शिरला. पण शहरातल्या सगळ्यांना रविवार मिळत नव्हता. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. गिरणीमालकांत पारशी नावे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकण-देशावरच्या माणसांना साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी सहा वर्षे चालवलेल्या लढ्यानंतर. गिरणगावात रविवारच्या मटणाच्या रश्श्याला निवांतपणा लाभला तो तेव्हापासून. परळ-लालबागच्या चाळीतला रस्सा आणि दादरच्या पारशी कॉलनीतले धानसाक यांच्यात फारसे अंतर नाही, आणि दोन्हींच्या दुपारच्या झोपेमागे एकच तारीखवार आहे. या शहराच्या इतिहासात मालक आणि मजूर क्वचितच एका वेळेला जेवले. रविवारी ते जेवू लागले, आपापल्या घरी.

पुढे धानसाक विलायतेलाही गेले. तिथल्या करी-हाउसांत त्यात अननसाचे तुकडे पडतात. त्याबद्दल मासीचे मत विचारले असता तिने उत्तर देण्याचे टाळले.

साडेबाराला माणसे जमली. भाताला रंग आला होता, कचुंबराला मीठ लावून झाले होते. मासीने पळीभर धानसाक बशीत घेतले, फुंकर मारून चाखले, थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठून गुळाचा लहानसा खडा पातेल्यात टाकला आणि ढवळून झाकण ठेवले. नातीने वही पुढे ओढली. ‘गूळ, अंदाजे’ असे जिथे ममाईने लिहिले होते, त्याच्या बाजूला तिने पेन्सिलीने देवनागरीत लिहिले: सुपारीएवढा, शिवाय शेवटी अजून अर्धा. तुरीच्या ओळीपुढे दीड वाटी, मसुरीपुढे अर्धी, मुगापुढे अर्धी. वरची सगळी पाने तशीच राहिली.

पंगत उठेपर्यंत तीन वाजले. दुसऱ्यांदा घेणारे पुष्कळ होते. तीन दिवस नीट न जेवलेली नातीची आईही दुसऱ्यांदा घेणाऱ्यांत होती, आणि मीठ किंचित कमी आहे असे ती म्हणाली. वहीत मिठापुढेही मग खूण झाली. पातेल्याच्या तळाशी जे उरले ते मासीने स्टीलच्या डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरते. डबा नातीच्या वडिलांसाठी होता. ते सकाळीच कामावर गेले होते. झाकण लावण्यापूर्वी मासीने त्यातले मटणाचे दोन तुकडे काढून घेतले आणि त्या जागी वांग्याच्या अर्धवट राहिलेल्या फोडी शोधून घातल्या. जावयाला मटणापेक्षा वांगे आवडते, हे ममाई तीस वर्षे लक्षात ठेवून होती.